पाय टेकण्याआधीचा उजेड

माझं काम घरी कुणाला नीट समजावून सांगता येत नाही. अंधेरीत एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून मी दुसऱ्यांनी लावलेले शोध वाचतो. एखाद्या कंपनीला नवीन वस्तू काढायची असली की ती आधी आमच्याकडे येते. त्या वस्तूवर जगात कुणी कुठे पेटंट घेतलंय, कधी घेतलंय, कुणी अर्ध्यावर सोडून दिलंय, ते सगळं गोळा करायचं, वाचायचं आणि शेवटी सांगायचं की इथे अजून काही करण्यासारखं उरलंय का. लग्नाआधी बायकोने तिच्या आईला सांगितलं होतं, "कायद्याचं काहीतरी करतो." सासूबाई अजून मला वकील समजतात.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना सायकलच्या दिव्यांचं काम आलं. सायकलचे भाग बनवणारी एक कंपनी होती. दिव्यांमध्ये पुढे काय होऊ शकतं, पैसे कुठे घालावेत, हे तिला हवं होतं. आमच्या टीमची प्रमुख माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. ती म्हणाली, "सर, सोपं आहे ना हे. तीन आठवड्यांत होईल." मी हो म्हणालो. खरं तर नाही म्हणायला हवं होतं, किंवा निदान का नको ते तरी सांगायला हवं होतं. सायकलच्या दिव्याबद्दल मी एकदा एक निकाल देऊन बसलो होतो, आणि तो निकाल मी नीट वाचून दिलेला नव्हता.

त्यासाठी आधी भाऊजींबद्दल सांगायला हवं.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. आरे कॉलनीत गाईम्हशींच्या एका युनिटमध्ये पाण्याचे पंप आणि मोटारी बघायचे. आयटीआयमधून वायरमन झालेले. त्यांचं घराणं मूळचं जालन्याकडचं, आमचं परभणीकडचं. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढलो, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. एका खोलीत आई, वडील, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. इंजिनिअर होऊन अंधेरीत पहिली नोकरी लागली तेव्हा ताई म्हणाली, "तिथे झोपायला जागा नाही तुला. माझ्याकडे ये." ताईची शाळा आठवीत सुटली होती. मला शिकवायचं म्हणून सुटली, असं घरात कुणी म्हणत नाही, पण हिशोब सगळ्यांना माहीत आहे.

त्यांच्या क्वार्टरमध्ये मी दोन वर्षं राहिलो. आयुष्यातली कुठली दोन वर्षं परत दे म्हणून मागायची झाली तर मी तीच मागेन.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की आरेतून जाणारी बस धरायची. आमच्या स्टॉपपासून क्वार्टर आत दीड किलोमीटर, रस्त्याला दिवे जवळजवळ नाहीत, दोन्ही बाजूंना झाडी. मला न्यायला भाऊजी सायकल घेऊन यायचे. त्यांच्या सायकलला डायनॅमोचा दिवा होता, टायरला घासून चालणारा. सायकल चालली तर दिवा लागणार, थांबली की विझणार. म्हणून स्टॉपवर ते सायकल स्टँडला लावायचे आणि एका हाताने पायडल फिरवत राहायचे. मागचं चाक हवेत फिरायचं, दिवा लागायचा. बस वळणावरून आली की मला लांबूनच तो पिवळा ठिपका दिसायचा. थोडा वर-खाली होणारा, कारण हात दुखला की ते हळू फिरवायचे. त्या मार्गावरचा एक कंडक्टर माझी रोज खेचायचा. "उतरा साहेब, तुमची मिरवणूक आलीय!"

मी खाली उतरून कॅरिअरवर बसायचो. भाऊजी विचारायचे, "बसलास?"

"हो."

"हां," म्हणायचे आणि पायडल मारायचे. ते 'हां' अगदी लहान असायचं. सगळं ठीक आहे, आता निघू, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा अर्ध्या वाटेत समोरून टेम्पो आला म्हणून भाऊजींनी सायकल कडेला घेतली. वेग गेला, दिवा गेला. मी सवयीने गवतात पाय टेकवणार, तेवढ्यात ते ओरडले, "पाय वर घे! वर घे!" टेम्पोच्या उजेडात त्यांना घोणस दिसली होती. माझ्या चपलेपासून हातभर. टेम्पो नसता तर दिसली नसती. दोघंही पाय वर धरून, तोल सांभाळत, कसेबसे उताराने पुढे घसरत गेलो आणि चांगली पन्नास पावलं पुढे जाऊन पडलो. घरी ताई गुडघ्याला हळद लावताना म्हणाली, "साप बाजूलाच राहिला, तुम्ही दोघंच एकमेकांना चावलात वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी कामाला लागले.

वीज कमी पडली की आपोआप सुटणारा, मोडक्या स्टॅबिलायझरमधला रिले, कुणाच्या तरी टाकून दिलेल्या कॉर्डलेस फोनची बॅटरी, तीन पांढरे एलईडी आणि प्लॅस्टिकची एक साबणाची डबी. डबी पायडलच्या वर, नळीला खालून बांधली. सायकल चालताना डायनॅमो पुढचा दिवा लावायचा आणि बॅटरीही थोडी भरायचा. सायकल थांबली की रिले सुटायचा आणि बॅटरीवरचे ते तीन दिवे खाली, पावलांच्या भोवती उजेड टाकायचे. बैलगाडीच्या चाकाएवढं एक पांढरं वर्तुळ. त्यात आपले पाय, गवत, खडी, सगळं दिसायचं. थोड्या वेळाने आपोआप विझायचं.

हे जमायला त्यांना चार महिने लागले. रोज जेवण झालं की ओट्याजवळ बसायचे. टेप लावायला मी धरायचो. ताई म्हणायची, "माझी साबणाची डबी मला परत पाहिजे हं. पेटंट-बिटंट काय ते नंतर घ्या." पेटंट हा शब्द घरात माझ्यामुळे आला होता.

एक दिवस भाऊजी मला म्हणाले, "तू त्याच कामात आहेस ना रे. बघ ना जरा, हे आपलंच आहे का कुणी आधी केलंय."

आता जे लिहायचंय ते मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी ते जेवणाच्या सुट्टीत बघितलं. डबा उघडा ठेवून, दहा मिनिटं. सायकल थांबल्यावरही चालू राहणारा दिवा, एवढंच शोधलं. परदेशातलं एक जुनं पेटंट लगेच सापडलं. त्याचा सारांश वाचला, पहिलं पान छापलं आणि डबा संपवला. पेटंटमध्ये खरा मजकूर शेवटी असतो. आपला हक्क नेमका कशावर आहे, ते तिथे एकेक वाक्य मोजून लिहिलेलं असतं. ते न वाचता कुणाला उत्तर द्यायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ऑफिसातल्या ग्राहकासाठी मी असं कधीच केलं नसतं.

संध्याकाळी बसमधून उतरल्या उतरल्या मी सांगून टाकलं. "झालंय भाऊजी. खूप आधी."

त्यांचा हात पायडलवर होता. "असंच?"

"असंच. थांबल्यावर पण चालू राहतो."

"खाली पडतो उजेड?"

"तेच ते हो."

मी छापलेलं पान दिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एका हाताने पायडल फिरवत, दुसऱ्या हाताने कागद दिव्यासमोर धरून त्यांनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. "यात तर समोरच पडतोय."

"चित्र असंच काढतात," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "बसलास?"

"हो."

"हां."

पुढच्या आठवड्यात साबणाची डबी सायकलवर नव्हती. न्हाणीघरात होती, तिच्यात साबण होता. ताईने ती घासून घेतली होती, तरी टेपचा चिकटपणा एका कडेला राहिला होता. भाऊजी स्टॉपवर येत राहिले, पायडल फिरवत राहिले. सहा महिन्यांनी मी मित्रांबरोबर बोरिवलीला राहायला गेलो. 'ऑफिसला बरं पडतं' म्हणालो. पडत नव्हतं.

मी असं का केलं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. मला घाई होती, हे खोटं आहे. खरं हे, की त्या घरात मी फुकट जेवत होतो, त्यांच्या सायकलवर मागे बसत होतो, आणि ज्यातलं मला कळतं आणि त्यांना कळत नाही अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती. 'झालंय' म्हणताना मला बरं वाटलं होतं.

आणि हे इथे संपलं नाही. काही वर्षांनी ऑफिसात नवीन मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आधी तपासून न बघता लोक कसे राबतात, याचं उदाहरण हवं होतं. माझ्याकडे डबीचा एक फोटो होता, नव्या कॅमेऱ्याने हौसेने काढलेला. साबणाची डबी, काळा टेप, मागे दोरीवर वाळणारी ताईची जांभळी साडी. मी तो पडद्यावर टाकला. खाली दिवा कसा चालतो ते चार ओळींत लिहिलं आणि वर मथळा दिला, 'आधी तपासा, मग घाम गाळा'. पोरं हसली. मीही हसलो. दर वर्षी हसलो. कुणाचा दिवा, ते मी कधी सांगितलं नाही. पुढे कंपनीने ते शिकवण्याचं साहित्य आपल्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येईल असं ठेवलं, तेही तारखेसकट.

तर गेल्या वर्षी काम आलं आणि मी सायकलच्या दिव्यांची पेटंटं गोळा केली. एकाच शोधाचे देशोदेशीचे अर्ज एकत्र केले, वर्षवार मांडले. असा आलेख काढला की तंत्रज्ञानाचं वय कळतं. डायनॅमोची रेघ केव्हाच म्हातारी होऊन आडवी पडली होती. एलईडीची चढून चढून आता दमत आली होती. वेगाप्रमाणे झोत बदलणारे, रस्त्यावर रेघा आखून गाड्यांना लांब ठेवणारे, ब्रेक दाबला की मागे पेटणारे, यांच्या रेघा अजून तरुण होत्या. मग तक्ता केला. उभ्या ओळीत दिव्यांचे प्रकार, आडव्या ओळीत त्यांचा फायदा: समोरचं दिसणं, आपण दुसऱ्यांना दिसणं, बॅटरी टिकणं, वजन, किंमत. कोणत्या चौकोनात किती पेटंटं ते भरायचं. जिथे चौकोन रिकामा, तिथे संधी असू शकते, असं आमच्यात धरतात.

दोनतीन चौकोन रिकामे होते. मी ते बघत बसलो होतो आणि मला एकदम कळलं की भाऊजींचा दिवा कोणत्याच चौकोनात बसत नाही. भरलेल्याही नाही, रिकाम्याही नाही. पाय टेकायची जागा दिसणं, असा रकानाच मी केलेला नव्हता. कसा करणार? रकाने मी पेटंटं वाचून पाडले होते, आणि ती लिहिणाऱ्यांना सायकलवरून गवतात उतरावं लागत नसावं.

मी नवा रकाना घातला आणि सगळा ढीग पुन्हा चाळला. चार दिवस लागले. तेव्हा दहा मिनिटांत निकाली काढलेलं ते जुनं पेटंटही काढलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. त्यात दिवा समोरच होता. शेवटच्या ओळीपर्यंत समोरच. भाऊजींनी चित्रात बरोबर बघितलं होतं.

रकाना रिकामा राहिला. मी गोळा केलेल्यात तरी असं काही सापडलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की सापडलंय. आमच्या कामात पेटंटच बघायचं असं नसतं. आधी कुठेही उघडपणे छापलेली गोष्ट मोजावी लागते, कारण एकदा उघड झालेल्या गोष्टीवर नंतर कुणाला पेटंट मागता येत नाही. आणि ती गोष्ट आमच्याच संकेतस्थळावर होती. फोटो, चार ओळी, तारीख. या दिव्याचा जगातला एकमेव लेखी पुरावा म्हणजे मी केलेली थट्टा होती.

अहवालात ते लिहिणं भाग होतं. तशा नोंदीत एक जागा असते: शोध कुणाचा. मी तिथे थांबलो.

मी आता मुलुंडला राहतो. भाऊजी निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून भांडुपला राहायला आले. मध्ये फक्त नाहूर स्टेशन. तरी मी जायचो ते जयंतीला, नाहीतर लग्नकार्याला. त्या रविवारी न सांगता गेलो. ताईने दार उघडलं. "अगं बाई! रस्ता चुकलास का रे?"

भाऊजी पलंगावर बसून क्रिकेट बघत होते. गुडघ्यांनी सायकल केव्हाच सोडवली होती. चहा झाल्यावर मी संकेतस्थळावरचं फोटोचं पान, छापून आणलेलं, त्यांच्या हातात दिलं. सगळं सांगितलं. डबा, दहा मिनिटं, चित्र, पोरांचं हसणं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

ताई वाकून फोटो बघत होती. "माझी साडी आहे ही. जांभळी." मग वरचा मथळा तिने मोठ्याने वाचला. तो मराठीत होता. "आधी तपासा, मग घाम गाळा." मग कप उचलून ती आत गेली आणि आत नळ चालू झाला.

"हसायचे लोक?" भाऊजींनी विचारलं.

"हो."

"तू?"

"मी पण."

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हा टेप तू धरला होतास. वाकडा लागलाय बघ."

"हो."

"तेव्हा नीट बघितलं असतंस तर?"

"अर्ज करता आला असता. मिळालंच असतं असं नाही सांगू शकत. पण करता आला असता."

"आता?"

"आता नाही. मी तो फोटो उघड केला तेव्हाच गेलं ते."

मी म्हणालो, "अहवालात तुमचं नाव लिहू का? एवढं तरी—"

"नाव?" ते म्हणाले. "कशाला? अजून कुणी हसायचं राहिलंय का?" आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी उठलो. निघताना ताई दारापर्यंत आली. "तू ना," ती म्हणाली, आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट करून तिने दार लावलं.

त्या दिवशी मी लगेच घरी गेलो नाही. भांडुप स्टेशनबाहेर बसस्टॉपवर बसून राहिलो, बस पकडायची नसताना. बसमागून बस येत होती, लखलखीत. स्टॉपवरही दिवा होता. माझ्यासाठी कुणी काही फिरवत उभं असावं अशी तिथे गरजच नव्हती. तरी प्रत्येक बस वळली की माझी नजर रस्त्याच्या कडेला जायची.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. भाऊजी मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत. करायचाच झाला तर ताईकडून.

"लिहून घे," ते म्हणाले.

त्यांनी नाव सांगितलं. आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, सरकारी अर्जात भरतात तसं, एकेक शब्द सुटा. मी लिहून घेतलं.

"आणि धंदा विचारतात का त्यात?"

"नाही विचारत."

"विचारलं तर वायरमन लिही. निवृत्त नको लिहू. केलं तेव्हा कामावर होतो." मग म्हणाले, "दिव्याचं काय लिहिलंयस? वाच."

मी पडद्यावरची ओळ मराठीत करून वाचून दाखवली. "सायकल थांबल्यावर, स्वार पाय टेकवतो त्या जागेवर खाली उजेड पाडणारी रचना."

"चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक?"

"थांबल्यावर नाही रे. थांबल्यावर काय उपयोग? तोवर पाय टेकलेला असतो. वेग पडायला लागला की रिले सुटायचा. थांबायच्या आधी. म्हणून तर चार महिने गेले. नाहीतर दोन दिवसांचं काम होतं ते." मग म्हणाले, "तू तिथेच बसलेला असायचास. तुला एवढं कळलं नव्हतं?"

नव्हतं कळलं. त्या डबीच्या उजेडात मी रोज पाय टेकवत होतो, नंतर इतकी वर्षं ती लोकांना दाखवत होतो, आणि तिच्यातली जी गोष्ट खरी नवी होती ती मला आत्ता, फोनवर कळत होती. मी ओळ खोडली. सावकाश पुन्हा लिहिली आणि वाचून दाखवली. "वेग कमी होऊ लागताच, स्वाराने पाय टेकण्याआधी, त्या जागेवर खाली उजेड पाडणारी रचना."

पलीकडून टीव्हीचा बारीक आवाज येत होता. ताई काहीतरी विचारत होती, 'कोण आहे' असं बहुतेक.

"लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हां," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.